गाडी अडखळते म्हणून सुटे भाग बदलत सुटायचे का?

धागाकर्ता

परवा एकाने येथे विचारले होते, की पंधरा वर्षे जुन्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर दबते, गचका देते आणि मगच पिकअप घेते; यावर काय करावे? त्याला मिळालेले उत्तर असे होते: ‘प्लग, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), पेट्रोल फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) सगळे बदलून टाका, जुन्या गाडीत यातलेच काहीतरी निघते.’ या सल्ल्याला निदान म्हणता येणार नाही, आणि मी स्वतः याच सल्ल्यापायी पोळलेलो असल्यामुळे सविस्तर लिहितो.

थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, एकदम उघडला की हवा तत्काळ आत शिरते, पेट्रोल मात्र मागे राहते, कारण त्यातला काही भाग इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) भिंतींना चिकटतो. ही तूट कार्बोरेटरमध्ये (जुन्या गाड्यांतल्या, हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) ॲक्सिलरेटर पंप भरून काढतो, तर इंजेक्शनच्या गाडीत संगणक जादा पेट्रोल सोडतो. म्हणून आधी ठरवायचे ते एवढेच, की पेट्रोल कमी पडते आहे, न मोजलेली हवा आत येते आहे, की ठिणगी अपुरी आहे. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारच्या आसपास सलग चढायला हवा. पेडल हळूहळू दाबताना तो मध्येच एका जागी कोसळत असेल, तर दोष तेथेच सापडला.

माझ्या गाडीत वरील चारही वस्तू बदलून झाल्या आणि गचका होता तसाच राहिला. शेवटी हवा मोजणारा सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी नळीच्या घडीत चीर सापडली. गाडी उभी असताना ती मिटलेली असे; जोर लागून इंजिन माउंटिंगवर कलले की उघडे.

चाळीस वर्षे गॅरेजमध्ये

आपला अनुभव खरा असेल, परंतु त्यावरून प्लग बदलणाऱ्याला अडाणी ठरवू नये. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतो. झिजून गॅप वाढलेला प्लग उभ्या गाडीत व्यवस्थित चालतो आणि चढावर मिस करतो. प्लग ही झिजणारी वस्तू आहे, ती मुदतीत बदललीच पाहिजे. आमच्याकडे येणारा ग्राहक तीन तास मोजमाप करण्याचे पैसे द्यायला तयार नसतो, मात्र नव्या प्लगचे देतो, याचाही विचार येथे लिहिणाऱ्यांनी करावा.

कार्बोरेटरवाला

तुम्ही दोघेही मुख्य गुन्हेगार सोडून बोलत आहात, आणि तो म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल. माझ्या जुन्या गाडीच्या ॲक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा फुगून निकामी झाला, आणि त्यानंतरच ती दबू लागली.

रसायनाचा विद्यार्थी

प्रत्येक दोष इथेनॉलच्या माथी मारण्याची ही सवय सोडली पाहिजे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. १० टक्के इथेनॉल मिसळल्यावर हे प्रमाण सुमारे १४.१ होते. हा जेमतेम ४ टक्क्यांचा फरक ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी स्वतःच सांभाळते. गाडी सहा-सहा महिने उभी ठेवल्यावर जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर जेटमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) साचतो, ही चूक मालकाची असते.

कार्बोरेटरवाला

मी गाडी दर आठवड्याला चालवतो, त्यामुळे न विचारता केलेला हा आरोप मागे घ्यावा. माझ्या गाडीत सेन्सर नाही, संगणक नाही. जेट आहे तेवढेच पेट्रोल सोडतो. आधीच काटकसरीवर लावलेल्या कार्बोरेटरला ते ४ टक्के जाणवतात, आणि जुने रबर या इंधनासाठी बनवलेलेच नव्हते, हे कोणत्या आकडेमोडीत बसवणार?

रसायनाचा विद्यार्थी

गाडी उभी ठेवल्याचे विधान मागे घेतो. जुन्या रबराबाबतही तुमचे म्हणणे खरे आहे. तरीही पडदा इथेनॉलने गेला की वयाने कडक होऊन, हे तुम्ही तपासलेले नाही.

धागाकर्ता

इथेनॉलवर भांडताना ज्याची गाडी अडखळते तो बाजूला राहिला. कार्बोरेटर असेल तर इंजिन बंद व थंड असताना एअर फिल्टर काढून हाताने थ्रॉटल उघडावा; पेट्रोलची धार त्याच क्षणी दिसली नाही, तर पंप आधी पाहावा. इंजेक्शन असेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो आहे तो आकडा) वाचावा. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ट्रिम आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) खूप अधिक आणि २५०० आरपीएमला जवळपास सामान्य असेल, तर कोठून तरी हवा शिरते आहे. उलट जोर लागताच वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा तपासावा.

चाळीस वर्षे गॅरेजमध्ये

तुमचीच चीर या कसोटीत सापडली नसती. उभ्या गाडीत ती मिटलेली होती, असे तुम्हीच लिहिले आहे.

धागाकर्ता

ही हरकत मला मान्य करावी लागेल. ट्रिम चालत्या गाडीतच, शेजारी दुसऱ्या माणसाला स्कॅनर देऊन पाहायला हवा, आणि नळ्या हाताने वाकवून तपासायला हव्यात. मुदत संपलेले प्लग बदलावेत, हेही मानतो. मात्र काढलेला प्लग फेकण्याआधी पाहावा, कारण पांढरे पडलेले टोक पेट्रोल कमी असल्याचे सुचवते आणि काजळी जास्त असल्याचे. कॉइल आणि सेन्सर न मोजता बदलण्याबाबतचे माझे मत मात्र कायम आहे.