मारित ब्यॉर्गेन : स्प्रिंटवालीनं ३० किमी कशी मारली?

प्रश्न

नॉर्वेची क्रॉस-कंट्री स्कीपटू (बर्फाळ मैदानात, चढ-उतारांवरून स्कीवर शर्यत लावणारी) मारित ब्यॉर्गेन. तिची ऑलिंपिकमधली १५ पदकं (८ सुवर्ण, ४ रौप्य, ३ कांस्य) सगळ्यांना पाठ आहेत. पण २००३ चं तिचं पहिलं जागतिक विजेतेपद स्प्रिंटचं, म्हणजे सगळ्यात छोट्या पल्ल्याच्या शर्यतीचं. २००९ च्या लिबेरेत्सच्या जागतिक स्पर्धेत तर एकही पदक नाही. मग २०१० ला व्हँकुव्हरमध्ये एकदम ३ सुवर्णं कुठून आली? आणि त्याच जोरात असताना २०१४ ला सोचीत रिलेमध्ये नॉर्वे पाचवी कशी?

प्रतिसाद १

"एकदम" काही झालं नाही. विसाव्या वर्षी तिचा सराव वर्षाला ५२२ तासांचा होता, पस्तिशीत तो ९४० वर गेला. ही वाढ पंधरा वर्षांत हळूहळू झाली, म्हणून शरीरानं ती पेलली. खरी गोम तासांच्या वाटपात आहे. सहनशक्तीच्या सरावातला ९० टक्क्यांहून जास्त वेळ अगदी सावकाश, बोलत बोलत जाता येईल अशा वेगाचा. दमछाक करणारा भाग जेमतेम ५ टक्के. नवखे इथेच चुकतात, रोज मध्यम जोर लावतात. मग सावकाश तासही पुरेसे होत नाहीत आणि जोराच्या दिवशी पायात दम उरत नाही.

शिवाय तिचे खांदे बघा. दोन्ही काठ्या एकदम रोवून स्वतःला पुढे ओढायचं, म्हणजे डबल पोलिंग, यात तिला तोड नव्हती.

प्रतिसाद २

सोचीत घात केला तो स्कीनं. घसरण कमी पडली, हे नॉर्वेच्या वॅक्स चमूनंही (स्कीच्या तळाला मेणासारखा थर लावून ती तयार करणाऱ्यांनी) मान्य केलं.

क्लासिक म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून, चालल्यासारखं पुढे जायची पद्धत. तिची स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. पकडीचं वॅक्स तिथेच, पावलाखाली लावतात. एका पायावर सगळं वजन टाकलं की कमान दबते, वॅक्स बर्फाला धरतं आणि रेटा मिळतो. थर पातळ झाला तर पाय मागे सटकतो. जाड किंवा मऊ झाला तर बर्फ चिकटून गोळे होतात. शून्य अंशाच्या आसपास तर फार पंचाईत, कारण तासाभरात बर्फ बदलतो.

रिलेचे शेवटचे दोन टप्पे फ्रीस्टाइलचे (स्केटिंगसारखं बाजूला रेटा देत जायची पद्धत), त्यात पकडीचं वॅक्स नसतंच. पण ओल्या बर्फात स्कीखाली पाण्याचा पापुद्रा धरतो आणि स्की खाली ओढली जाते. तो फोडायला तळावर बारीक खाचा पाडतात. त्यांचा अंदाज चुकला, तर शेवटच्या टप्प्यावर ब्यॉर्गेन असूनही उपयोग नाही. उताराला ज्यांची स्की पळते, ते काहीही जोर न लावता पुढे निघून जातात.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत. एक भर : नॉर्वेचाच स्कीपटू ब्यॉर्न डेली याचीही ऑलिंपिक सुवर्णं ८ च, पण त्यानं ती १९९२ ते १९९८ मध्ये मिळवली. ब्यॉर्गेनला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं तेव्हा तिशीला महिना उरला होता! पुढे २०१५ च्या डिसेंबरमध्ये मुलगा झाला, तो मोसम बुडाला, आणि २०१७ च्या जागतिक स्पर्धेत ४ सुवर्णं.

एकच शर्यत बघायची तर २०१८ च्या प्यॉन्गचँग ऑलिंपिकची ३० किमी क्लासिक बघा. वय ३७, दुसऱ्या आलेल्या फिनलंडच्या पार्माकोस्कीवर १ मिनिट ४९.५ सेकंदांची आघाडी. चढावर बाकीच्यांचे पाय सटकतात तिथे तिचं पाऊल कसं ठरतं, तेवढंच बघत राहा.