मदत हवी आहे: बुध आणि मंगळ, दोन्हीकडे गुरुत्व सारखंच कसं?

सौरमालेतल्या लहान खडकाळ गोलांचा तुलनात्मक तक्ता करतेय: मंगळ, बुध, गुरूचा चंद्र आयो, आपला चंद्र आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातली वेस्टा. व्यासाच्या क्रमाने मांडायला घेतला आणि दोन ठिकाणी अडले.

बुधाचा व्यास ४,८७९ किमी, मंगळाचा ६,७७९. वस्तुमानात तर मंगळ जवळजवळ दुप्पट. तरी पृष्ठभागावरचं गुरुत्व दोन्हीकडे ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग! हा निव्वळ योगायोग, की यामागे काही कारण आहे?

दुसरं कोडं चंद्र आणि आयोचं. व्यास ३,४७४ आणि ३,६४३ किमी, घनता ३.३४ आणि ३.५३ ग्रॅम प्रति घन सेंमी, अगदी जुळी भावंडं म्हणावीत अशी. लहान गोल लवकर निवतो, हे चंद्राच्या बाबतीत पटतं. मग आयोवर शेकडो ज्वालामुखी आजही कसे धगधगताहेत? जाणकारांनी कृपया सांगावं, फार अडलंय.

प्रतिसाद:

छान प्रश्न. तक्त्यात घनतेचा रकाना व्यासाच्या शेजारीच घ्या. पृष्ठभागावरचं गुरुत्व घनता गुणिले त्रिज्या या प्रमाणात ठरतं. बुध: ५.४३ × २,४४० म्हणजे सुमारे १३,२५०. मंगळ: ३.९३ × ३,३९० म्हणजे सुमारे १३,३२०. आकारात जे कमी पडलं ते बुधाने लोखंडाने भरून काढलंय. त्याचा गाभा त्रिज्येच्या साधारण ८५ टक्क्यांपर्यंत पोचतो, वर खडकाचं आवरण जेमतेम चारशे किमी. आकडे इतके तंतोतंत जुळावेत, हा मात्र योगायोगच. पृथ्वीची घनता ५.५१ आहे खरी, पण स्वतःच्याच भाराने आतला माल दाबला गेल्यामुळे ती वाढलीय. बुधात हा दाब बराच कमी, म्हणून त्याचे ५.४३ मला जास्त थक्क करतात.

आयोला उष्णता बाहेरून मिळते. तो गुरूभोवती चार फेऱ्या मारतो तेवढ्यात गुरूच्याच दुसऱ्या दोन चंद्रांपैकी युरोपाच्या दोन आणि गॅनिमिडची एक होते. या ठरावीक ओढीमुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होत नाही. गुरूपासूनचं अंतर सतत कमीजास्त होतं आणि अख्खा गोल ताणला-दाबला जाऊन आतून तापत राहतो. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ या अंतराळयानाच्या छायाचित्रांत त्याचे ज्वालामुखी पहिल्यांदा दिसले.

तेव्हा ‘उष्णता कुठून आली’ असाही एक रकाना करा. वेस्टासाठी तर तो हवाच. सुमारे ५२५ किमीचा हा गोल, तरी एकेकाळी वितळून त्यात लोखंडी गाभा वेगळा झाला. ती उष्णता मुख्यतः किरणोत्सर्गी ॲल्युमिनियम-२६ ची. ते साधारण सात लाख वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे वेस्टा तापली ती सौरमालेच्या अगदी सुरुवातीलाच.