मिरजेच्या कमानीवर रंग पाहिजे का पिक्सल?

कमानवेडा
राम राम मंडळी. मी मिरजेचा, धंदा ग्राफिक डिझाईनचा, म्हणजे खरं सांगायचं तर लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या आणि भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. बाहेरगावच्यांना सांगतो, आमच्याकडं अनंत चतुर्दशीला मिरवणुकीच्या रस्त्यावर मंडळं भल्यामोठ्या स्वागत कमानी उभ्या करतात, पूर्वी पेंटर लोक कापडावर रंगवायचे, आता बऱ्याच ठिकाणी फ्लेक्स ताणतात. परवा मंडळाच्या मीटिंगमधे मी म्हटलं की यंदा कमानीच्या मधल्या भागात एलईडी पॅनल लावू आणि चित्र लोकांशी बोलेल असं करू, म्हणजे कॅमेरा गर्दी बघणार, लोकांनी हात वर केले की चित्रातली कृष्णा नदी चढणार, ढोलाचा ठोका पडला की लाटा उठणार. झालं, दीड तास भांडण आणि दोनदा चहा. जुनी माणसं म्हणाली कमानीचा टीव्ही करू नकोस.

माझं म्हणणं एवढंच की फ्लेक्स आला तेव्हाच आपण डिजिटल झालो, फक्त वाईट पद्धतीनं झालो. कॉम्प्युटरवर चित्र करायचं, छापायचं आणि मेल्यासारखं टांगायचं. मग कॉम्प्युटरला जे खरंच येतं, बघणं, ऐकणं, लगेच बदलणं, ते का वापरायचं नाही? आणि हे काय आजचं फॅड नाही. मायरन क्रूगर नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० च्या दशकातच कॅमेऱ्यासमोरच्या माणसाची सावली पडद्यावर घेऊन त्या सावलीशी खेळणारं चित्र केलं होतं. आता तर प्रोसेसिंगसारखं सॉफ्टवेअर २००१ पासून फुकट आहे, चित्रकारांना कोड लिहिता यावा म्हणूनच केलेलं. बोला.

पेंटरचा_पोरगा
बोलतो की. माझ्या वडिलांनी कमानी रंगवल्यात. महिनाभर आधी कापड ताणायचं, खळ द्यायची, खडूच्या सुतानं चौकटी मारायच्या आणि हातातल्या वहीएवढ्या चित्राचं दोन मजली करायचं. लांबून बघितलं की डोळे तुझ्याकडं बघायलेत असं वाटायचं आणि जवळ गेलास तर नुसते ब्रशचे फटकारे. फ्लेक्स आला आणि घरातले ब्रश वाळले. तवा तुम्ही डिझाईनवालेच होता ना दुकान थाटून? आता फ्लेक्स मेलेला हाय म्हणतोस, मारला कुणी लका?

कमानवेडा
लागलं भावा, आणि खोटं बोललास असं म्हणणार नाही. पण फ्लेक्स परत जाणार नाही ना. उलट यंदा दोन ठिकाणी एआयनं काढलेली चित्रं फ्लेक्सवर बघितली, मावळ्याच्या हाताला सहा बोटं आणि खाली मराठी म्हणून जे लिहिलं होतं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मी म्हणतो त्यापेक्षा आपण शिकून आपलं करू.

कुपवाडचा_वायरमन
कला बिला तुम्ही बघा, मी लाईटीचं सांगतो. मंडळाच्या बजेटमधे जे पॅनल भाड्यानं मिळतंय ते पी-टेन. म्हणजे दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर, एका चौरस मीटरला १०,००० ठिपके. फोनच्या स्क्रीनवर नखाएवढ्या जागेत याच्यापेक्षा जास्त असतात. खाली उभं राहून बघितलं तर देवाचं नाक कुठं आणि सोंड कुठं कळायचं नाही. दुसरं म्हणजे भादव्यातला पाऊस. आणि तू तो किनेक्ट लावणार असशील तर आधीच विसर, ते कॅमेऱ्याचं यंत्र २०१० ला घरात गेम खेळायला काढलेलं, चारेक मीटरपर्यंत धड बघतंय, एका वेळी सहाच माणसं ओळखतंय आणि उन्हात आंधळं होतंय. मिरवणुकीत सहा माणसं म्हणजे एका ताशाभोवतीची पोरं झाली.

कमानवेडा
किनेक्ट नाहीच, साधा कॅमेरा. एकेक माणूस ओळखायची गरजच नाही, आधीच्या फ्रेममधून आत्ताची वजा करायची, जिथं फरक तिथं हालचाल. गर्दीची सगळी मिळून हालचाल मोजायची. ढोलासाठी माईक, त्यातला खालचा आवाज वेगळा काढायचा. पी-टेनचं मात्र बरोबर. अक्षरांची तर वाटच लागते, अनुस्वार एक दिवा, रफार दीड दिवा, वेलांटी शिरोरेषेत घुसून बसते. मी एका रात्री बलू फॉन्ट लावून बघितला, जाड आहे म्हणून तगला, बारीक फॉन्टचं नुसतं कुंपण झालं. आर. के. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल फॉन्ट केला तेव्हा त्यांना स्क्रीनच्या ठिपक्यांशीच झुंजावं लागलं असणार, हे त्या रात्री जरा समजलं.

सातारची_चित्रकलाबाई
शाळेत चित्रकला शिकवते म्हणून थोडं बोलते. दरवर्षी मुलांना औंधला घेऊन जाते, तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, उभं केलेलं संग्रहालय. तिथं रवि वर्म्याच्या चित्रासमोर एक दंगेखोर पोरगा दहा मिनिटं हललाच नाही, मग म्हणाला बाई त्या साडीच्या चुणीत हात घालावासा वाटतो. कुठला सेन्सर होता तिथं? आणि आता मुलं टॅबलेटवर तीन मिनिटांत चित्र करतात, अनडू दाबतात, परत करतात, हात बसतच नाही. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही हो, पण ज्याला हाताचं चित्र येत नाही त्यानं हलणारं काढलं की ते फक्त हलतं.

कमानवेडा
बाई, पंतप्रतिनिधींच्याच संग्रहालयात हेन्री मूरचं शिल्प पण आहे. साताऱ्याच्या माळावर त्या काळात इंग्लंडचं आधुनिक शिल्प आणून ठेवणारा राजा माझ्या बाजूचा धरा की 🙂 आणि आपल्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला नाटक उभं केलं, त्यांनी कळसूत्री बाहुल्या पण केल्या होत्या. कळ आणि सूत्र, म्हणजे यंत्रच ना?

सातारची_चित्रकलाबाई
बाहुलीचं सूत माणसाच्या बोटात असतं. तुमचं कुणाच्या बोटात आहे ते सांगा.

पुण्यातली_सांगलीकर
मी कामच हे करते, लोक ॲपमधे कुठं बोट लावतात ते बघायचं. त्यामुळं मला एलईडी, फ्लेक्स वगैरेचं काही पडलेलं नाही, मला तुमच्या आयडियाचाच त्रास झाला. हात वर केला की कृष्णा चढते. दादा, २०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत आलं होतं, आजीला होडीतून काढली, तिचा देव्हारा तिथंच राहिला. आता तीच आजी कमानीखाली उभी राहणार, चार पोरं नाचत हात वर करणार आणि पाणी चढणार, आणि सगळे हो हो करणार. इंटरॅक्टिव्ह म्हणजे नुसतं बटण नसतं. माणसानं काय केलं की काय होतं, यातूनच अर्थ तयार होतो. तुम्ही पूर हा बक्षिसासारखा दिलाय.

पेंटरचा_पोरगा
+१. हे मला सुचलं नव्हतं पण हेच म्हणायचं होतं.

कमानवेडा
काल दिवसभर उत्तर लिहून खोडत होतो. ताई, तुमचं बरोबर आहे. मी लाटा कशा छान दिसतील यातच अडकलो. उलटं केलं तर? पाणी आधीपासून चढलेलं, आणि लोक शांत उभे राहिले तर हळूहळू उतरणार?

कुपवाडचा_वायरमन
मिरवणुकीत शांत 😂😂 पाणी दिवाळीपर्यंत उतरत नाही बघ.

तंबोरेवाला_गल्लीतला
मी इतका वेळ वाचायलोय, बोलू का नको म्हणत होतो. आमचं घर तंबोऱ्याचं. तुम्ही सगळे डोळ्यावर भांडायलाय, मिरजेची खूण कान हाय. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी लावतो आम्ही, ती बरोबर बसली की एका तारेतनं बरेच सूर निघतात, वरचे, बारीक, नुसत्या कानाला कळतात पण कॉम्प्युटरवर बघितलं तर पट्टे पट्टे दिसतात, पुतण्यानं दाखवलेत मला. भोपळ्याला छोटा पिझो, म्हणजे लाकडातली थरथर ऐकणारा माईक, चिकटवला की बाहेरचा ढोल कमी आणि तंबोराच जास्त ऐकू येतो. कमानीखाली तंबोरा ठेवा, ज्याला वाटंल त्यानं येऊन तार छेडावी, आणि त्या सुरांवर पाणी उतरू दे. पोरं नाचतील त्यानं काय होणार नाही, तार छेडली तरच होईल. बाईंनी विचारलं बोटात काय हाय, तर हे हाय.

सातारची_चित्रकलाबाई
हे आवडलं मला. पण तार कुणी तोडली तर?

तंबोरेवाला_गल्लीतला
बसवू की दुसरी. त्यावरच जगतोय.

कुपवाडचा_वायरमन
मग पॅनलची पण गरज नाही. वरचं चित्र रंगवलेलं ठेवा आणि पाण्याच्या जागी प्रोजेक्टर मारा. फक्त त्या भागात गडद रंग नको, काळा उजेड गिळतो, आणि समोरचे दोन हॅलोजन रात्रभर बंद ठेवावे लागतील, ते अध्यक्षांना तुम्ही सांगा, मी सांगणार नाही, त्यांचं नाव त्याच उजेडात दिसतंय. प्रोजेक्टर पत्र्याच्या पेटीत घालून देतो, पाऊस लागणार नाही. जनरेटर पण छोटा चालंल.

कमानवेडा
म्हणजे कमान परत रंगवायची. @पेंटरचा_पोरगा, काका आता रंगवतील का? पैसे मंडळ देणार, मी मीटिंगमधे बोलतो. चित्र पूर्ण त्यांचं, मी वरनं एक रेघ पण मारणार नाही, फक्त खालचं पाणी माझं.

पेंटरचा_पोरगा
वाचून दाखवलं. आधी म्हणाले गुडघं दुखतात, परांचीवर चढायचं जमत नाही. मग जेवताना म्हणाले नदी कोरी सोडायची म्हणजे काठ कसा संपवायचा, रंग तिथं तोडला तर कापल्यासारखं दिसंल, ओल्या मातीचा पट्टा द्यावा लागंल. आता माळ्यावरनं ब्रशचा डबा काढायला लावलाय मला. विचारायलेत, खालनं किती फूट पांढरं सोडायचं ते नीट मोजून सांगा.