मोटारीत कुत्र्याचा क्रेट नेमका कसा बसवावा?

सप्रेम नमस्कार,

आमच्या घरी गेल्या वर्षापासून एक कुत्री आहे. तिचे वजन आता २८ किलो झाले असून पुढील महिन्यात तिला घेऊन सुमारे सहा तासांचा मोटारप्रवास करावयाचा आहे. घरात ती तारेच्या घडीच्या क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, झोपते. तोच क्रेट डिकीत ठेवून तिला न्यावे, असा आमचा विचार आहे. मात्र काहींच्या मते क्रेट मागील सीटवर ठेवून त्याच्या मुठीतून सीटबेल्ट ओवणे अधिक सुरक्षित, तर काहींच्या मते डिकीत नुसता ठेवला तरी पुरे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
मंडळाची एक सभासद

*

ताई, सप्रेम नमस्कार.

या दोन्हींपैकी काहीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने लिहितो.

काही वर्षांपूर्वी मीही क्रेट डिकीत नुसता ठेवत असे. एकदा पुढच्या गाडीचा वेग अचानक कमी झाल्याने मला जोरात ब्रेक दाबावा लागला. टक्कर झाली नाही, पण क्रेट फूटभर सरकून सीटच्या पाठीवर आदळला. कुत्र्याला जखम झाली नाही, तरी पुढे दोन महिने तो गाडीजवळ नेताच जमिनीला चिकटून बसे, आणि ते पाहणे फार क्लेशाचे होते.

हा केवळ ब्रेकचा प्रसंग होता. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी टक्कर होऊन अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २० पट बल येते. आपली कुत्री २८ किलोची आणि क्रेट १४ किलोचा धरला, तर तो भार ८०० किलोच्या वर जातो. म्हणून क्रेट घेतला की काम झाले असे नसून, तो भार शेवटी गाडीच्या कोणत्या भागावर जाणार आहे, हाच खरा प्रश्न आहे.

मागील सीटची पाठ तो पेलेल, असे आपण गृहीत धरतो. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार डिकीतील सामानासाठी सीटच्या पाठीची जी चाचणी होते, तीत प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे, म्हणजे एकूण ३६ किलो वजन, ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगावर वापरतात. आपले ४२ किलो त्याहून अधिक आहेत. त्यामुळे क्रेट सीटच्या पाठीला आडवा, म्हणजे त्याची लांब बाजू पाठीला लागेल असा ठेवावा, पण सगळा भार मात्र तिच्यावर सोडू नये. डिकीत गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या कड्या असतात. त्यांना रॅचेटच्या, म्हणजे खटक्याने आवळता येणाऱ्या, पट्ट्यांनी क्रेट बांधावा. एक पट्टा मागच्या कडीपासून निघून, क्रेटच्या पुढच्या अंगाला वेढा घालून, दुसऱ्या मागच्या कडीपर्यंत परत यावा, म्हणजे पुढे जाऊ पाहणारा भार तो रोखून धरतो; दुसरा पट्टा वरून खाली दाबणारा असावा. क्रेटच्या निर्मात्याने बांधण्यासाठी खास जागा दिल्या असतील, तर त्याच वापराव्यात. रबराची ताणणारी दोरी कृपया वापरू नये. ती सामान सरकू न देण्यापुरती ठीक असते, धक्क्यात मात्र ती लांबते आणि क्रेट सुटतो. खाली रबरी चटई घातल्यास वळणांवरही क्रेट जागचा हलत नाही. बांधून झाल्यावर तो दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहावा. क्रेट न हलता गाडी हलली, म्हणजे बांधणी जमली.

डिकीचे दार आणि क्रेट यांच्यात शक्य तितके अंतर राहू द्यावे, कारण मागून धडक बसली तर तोच भाग प्रथम चेपतो.

सीटबेल्टविषयी सांगायचे तर, तो माणसाच्या कंबरेला आणि खांद्याला धरण्यासाठी केलेला असतो. मुठीतून ओवला की सगळा ताण त्या एका मुठीवर येतो, आणि ती तुटली की काहीच उरत नाही. पुढच्या सीटवर तर एअरबॅगमुळे क्रेट कधीच ठेवू नये.

तारेचा घडीचा क्रेट घरासाठी उत्तम आहे, पण धडकेत त्याच्या कोपऱ्यांचे आकडे निसटतात आणि वाकलेल्या तारा आत घुसू शकतात. टक्कर-चाचणी झालेला क्रेट घेणे जमत असेल तर अवश्य घ्यावा. चाचणी किती वजनाच्या कुत्र्यासाठी झाली, हे निर्मात्याला विचारावे. ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ ही स्वतंत्र संस्था असे निकाल प्रसिद्ध करते. कुत्रीला उभे राहता, वळता आणि पाय पसरता यावे, एवढीच जागा आत असावी, कारण मोकळ्या जागेतच ती आपटते.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद

*

नमस्कार दादा,

इतक्या तपशीलवार उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. काल डिकी तपासली, तेव्हा चारपैकी दोन कड्या प्लास्टिकच्या निघाल्या. शिवाय मागे गारवा पोहोचत नाही, याचीही काळजी वाटते.

*

ताई,

प्लास्टिकचे आकडे पिशव्या अडकवण्यासाठी असतात. त्यांना पट्टा लावू नये. लोखंडी कड्या कोठे आहेत आणि त्या किती भार पेलतात, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. कधी कधी त्या गालिच्याखाली झाकलेल्या असतात.

गारव्याची आपली काळजी रास्त आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो, आणि भोवतीची हवा कोंदट असेल तर तो उपाय अपुरा पडतो. क्रेटच्या दोन बाजू मोकळ्या ठेवाव्यात, जाळीला छोटा पंखा लावावा आणि कुत्रीच्या उंचीवर तापमापक ठेवावा, कारण चालकाजवळचे तापमान फसवे असते. उन्हात उभ्या गाडीत तासाभरात आतील तापमान सुमारे २२ अंश सेल्सियसने वाढू शकते आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून वाटेत थांबल्यावर एकाने तिच्याजवळ राहावे.

आत ठेवताना गळ्यातील पट्टा काढावा, तो जाळीत अडकू शकतो. पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून रॅचेट पुन्हा आवळावेत. ते हमखास थोडे सैल झालेले असतात. क्रेटचे दार उघडताना पूर्ण उघडू नये: फटीतून हात घालून आधी तिला पट्टा लावावा, मगच तिला खाली उतरवावे.