पायथॉनमध्ये फाइल कॉपी करताना "टीप:" वाल्या ओळी गाळायच्यात, काही गळतच नाहीत (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जात्यावरच्या ओव्यांच्या बऱ्याच टेक्स्ट फाइली आहेत माझ्याकडे, गावोगावच्या बायकांकडून ऐकून वेगवेगळ्या लोकांनी टाइप केलेल्या, कोणी मोबाइलवर तर कोणी विंडोजच्या नोटपॅडात, आणि मधे मधे "टीप:" करून ओवी कोणी सांगितली, कुठला शब्द नीट ऐकू आला नाही असं काय काय लिहून ठेवलंय. मूळ फाइलींना हात लावायचा नाहीये, टिपा आणि रिकाम्या ओळी सोडून बाकी सगळं दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायचंय.

कोड साधाच आहे. जुनी फाइल वाचायला उघडते, नवी लिहायला, दोन्हीकडे एन्कोडिंग यूटीएफ-८, मग फॉर लूपमध्ये एकेक ओळ घेऊन स्टार्ट्सविथने (ओळ अमुक शब्दाने सुरू होते का ते बघणारं फंक्शन) "टीप:" तपासते आणि तसं नसेल तरच राइट. एरर काहीच येत नाही. पण काही फाइलींत पहिल्याच ओळीतली टीप तशीच राहते, काहींत मधल्याही राहतात, आणि बघायला गेलं तर ओळ अगदी बरोबर दिसते! रिकाम्या ओळींसाठी इफमध्ये नुसती ओळ टाकली, एकही गेली नाही. एक जण म्हणाला न दिसणारी सगळी कॅरेक्टर्स उडवून टाक, पण ओव्यांना धक्का लागेल अशी भीती वाटते. सांगणाऱ्यांतल्या कितीतरी आजी आता नाहीत, एक ओळ गेली तर परत कोणाला विचारू?

प्रतिसाद १:

ताई, सगळी कॅरेक्टर्स अजिबात उडवू नका. "दर्‍या" मधला र टाइप करताना बरेच जण न दिसणारा जॉइनर वापरतात, तो काढला की डोंगरातल्या दर्‍यांचा समुद्रवाला दर्या होतो.

पहिल्या ओळीचं कारण बहुतेक बॉम. नोटपॅड काही वेळा फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं, त्यामुळे ओळ "टीप"ने सुरूच होत नाही, आणि स्ट्रिपने (ओळीच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढणारं फंक्शन) ती खूण जात नाही. वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, खूण नसलेल्या फाइलीही त्याने नीट वाचल्या जातात. लिहिताना यूटीएफ-८च ठेवा.

मधल्या ओळींत मला विसर्गाचा संशय आहे, मराठी कीबोर्डवर कोलनऐवजी विसर्ग पडतो आणि "टीपः" हुबेहूब तसंच दिसतं. राहिलेली ओळ ॲस्की फंक्शनमधून प्रिंट करून बघा, त्यात मराठी अक्षरांऐवजी त्यांचे कोड दिसतात, ०९०३ हा विसर्गाचा कोड दिसला तर विसर्गच. स्टार्ट्सविथला टपल (कंसातली यादी) देता येतो, दोन्ही रूपं त्यात टाका.

रिकामी ओळ पायथॉनला रिकामी नसते हो, शेवटी न्यूलाइन असतेच, म्हणून स्ट्रिप करून तपासा. पण स्ट्रिप फक्त तपासण्यापुरतं, राइट मूळ ओळच करा, नाहीतर ओवीच्या दुसऱ्या चरणाआधी सोडलेली जागा जाईल आणि ओळी एकमेकींना चिकटतील.

आणि गाळलेल्या ओळी फेकू नका, एल्समध्ये तिसऱ्या फाइलीत लिहा, मग काय गेलं ते डोळ्यांखालून घालता येईल.

धागाकर्ती:

विसर्गच निघाला दादा!! ०९०३ दिसला, आणि पहिल्या ओळीच्या टिपाही सिग दिल्यावर गेल्या. तिसरी फाइल केली हे फार बरं झालं, सांगणाऱ्या बायकांची नावं त्या टिपांमध्येच आहेत, ती आता एका जागी मिळाली. एकच राहिलं, काही टिपा दोन ओळींच्या आहेत, दुसऱ्या ओळीला "टीप" नाही, ती कशी ओळखायची?