माफिया: जुना परत खेळू की नवा घेऊ?

पांथस्थ:
मंडळी, सल्ला हवाय. २००२ चा 'माफिया' हा कॉम्प्युटर गेम कॉलेजात असताना सायबर कॅफेत खेळलो होतो, तोही अर्धवट. गाड्यांच्या रेसच्या मिशनला जे घोडं अडलं ते अडलंच. आता सेलमध्ये २०२० ची 'डेफिनिटिव्ह एडिशन' दिसतेय. भाचा म्हणतो, मामा, जुन्याचे ग्राफिक्स बघवत नाहीत, नवाच घे. नव्यात जुनी मजा उरलीय का, की नुसती रंगरंगोटी?

गिअरबॉक्स:
रंगरंगोटी कसली, पाडून नवीन बांधलाय. जुना चेक प्रजासत्ताकातल्या इल्यूजन सॉफ्टवर्क्स स्टुडिओचा, नवा हँगर १३ स्टुडिओचा. नायक टॉमी टॅक्सीवाला, सॅलिएरी आणि मोरेलो हे दोन डॉन, सगळे आहेत. गेममधलं लॉस्ट हेवन शहर तर असं दिसतं की पावसात गाडी कडेला लावून नुसतं बघत बसावं.

पण मला विचाराल तर जुन्याचा जीव होता त्याच्या संथपणात. तिशीच्या दशकातल्या त्या खटारा गाड्या चढावर धापा टाकायच्या. शहरात ताशी ४० मैलांच्या वर गेलात किंवा सिग्नल तोडलात, की पोलीस मागे लागून पावती फाडणार! खून करून आलेला माणूस लाल दिव्याला शहाण्यासारखा थांबलाय, हे दुसऱ्या कुठल्या गेममध्ये बघितलंय? चोरीसुद्धा आधी शिकावी लागायची. तो अडखळत बोलणारा मेकॅनिक राल्फ एकेक मॉडेल उघडायला शिकवणार, मगच ती गाडी तुमची.

नव्यात मिनीमॅप (स्क्रीनच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा) आहे, वर वळणापाशी रस्त्यातच पाट्या उभ्या राहतात. शहर पाठ व्हायचं कारणच उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच सगळ्यात अवघड 'क्लासिक' डिफिकल्टी निवडा, गाडी आणि पोलीस दोन्ही 'सिम्युलेशन'वर (खऱ्यासारखं) टाका आणि मिनीमॅप बंद करा. क्लासिकमध्ये अर्धं मॅगझिन रिकामं करून रीलोड मारलंत तर उरलेल्या गोळ्या गेल्या, अगदी जुन्यासारखं.

सारा_फॅन:
गिअरबॉक्सराव, तुम्हाला फक्त गाड्या दिसतात! जुन्यात टॉमीची प्रेयसी सारा येते आणि गायब होते. नव्यात तिला बोलायला जागा दिलीय, त्यामुळे टॉमी १९३८ मध्ये डिटेक्टिव्हसमोर सगळं सांगायला येऊन का बसतो ते पटतं. शिवाय आडोसा घेऊन गोळीबार करता येतो. जुन्यात नुसतं खाली बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

गिअरबॉक्स:
साराचं मान्य. आडोशाचं नाही. त्या भिंती बघितल्या की पुढे मारामारी आहे हे आधीच कळतं.

पांथस्थ:
आणि रेस? तेवढं सांगा, बाकी मी बघतो.

सारा_फॅन:
सोप्यावर ठेवलीत तर पहिल्या-दुसऱ्या फटक्यात निघेल. क्लासिकवर मात्र घाम फुटतो.

गिअरबॉक्स:
जुन्यालाही नंतर पॅच (दुरुस्तीची फाइल) आला होता, त्यात रेसची डिफिकल्टी कमी करता यायची. तुमच्या कॅफेवाल्याने टाकला नसणार. वळणाच्या आधीच ब्रेक मारा, वळणात नको. आणि जुना विकत घ्यायचाच झाला तर एक लक्षात ठेवा: २०१७ मध्ये जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानावर जो परत आला त्यात लायसन्सवाली गाणी काढलेली आहेत. त्यातल्या जॅझवाल्या जँगो राइनहार्टच्या गिटारशिवाय लॉस्ट हेवनमध्ये गाडी चालवणं मला तरी जमत नाही.

पांथस्थ:
नवा घेतला. क्लासिक. भाचा हसतोय.