मदत हवी आहे : इथिओपियातील हवासा येथे कामगार नेमण्याबाबत

नमस्कार. आमचा इचलकरंजीत शिलाईचा छोटा कारखाना असून, इथिओपियातील हवासा येथे सुमारे साठ कामगारांचे युनिट सुरू करण्याचा विचार आहे. २०१९ चा तिथला कामगार कायदा मी वाचला आहे. आठवड्याला ४८ तास काम, साठ कामाच्या दिवसांचा परिवीक्षा काळ, पहिल्या वर्षी सोळा दिवसांची भरपगारी रजा आणि १२० दिवसांची प्रसूती रजा, एवढे स्पष्ट आहे. निवृत्तिवेतनासाठी मालकाने ११ टक्के व कामगाराने ७ टक्के भरायचे असतात.

अडचण वेतनाची आहे. खासगी क्षेत्रासाठी कायद्याने ठरवलेले किमान वेतन तिथे नाही, त्यामुळे कागदोपत्री कितीही कमी पगार चालतो. पण खेड्यांतून आलेल्या तरुण मुलींना त्यात खोलीभाडे आणि जेवण भागत नाही, आणि मग त्या काही महिन्यांत काम सोडून जातात. स्वस्त मजुरीचा हिशेब मला म्हणूनच फसवा वाटतो. राहण्याची व जेवणाची सोय आपण करावी, की ती रक्कम पगारातच द्यावी? तिथे काम केलेल्यांचा अनुभव काय आहे?

शिवाय, पर्यवेक्षक इथून नेण्याऐवजी अम्हारिक आणि सिदामा या दोन्ही भाषा येणारे स्थानिकच घडवावेत, असे मला वाटते. (तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. पाळीच्या वेळा लिहिताना काय करता?) कामगार संघटनेशी सामूहिक करार कोणी केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.